मामाला कोण सांगणार

बऱ्हाणपुरात त्याला समाधान या नावानं ओळखणारे थोडे, 'जाकीट मास्तर' म्हणून ओळखणारे फार. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ताप्तीचं पाणी तळ्यासारखं पसरतं. तिथं चार वर्षांपूर्वी नीलेशसेठनं बोटिंगचा ठेका घेतला, दोन जेट स्की आणल्या आणि त्या चालवायला गोव्याहून परतलेल्या समाधानला ठेवलं. लोकांनी पहिल्याच दिवशी त्या यंत्राचं बारसं करून टाकलं: पाण्याची बुलेट. आता बुलेट म्हटल्यावर टांग टाकायची आणि पळवायची, एवढंच माणसाला समजतं. बसण्याआधी दहा मिनिटं उभं राहून कुणाचं ऐकून घ्यायचं, हे या गावाच्या रक्तातच नाही. इथं लग्नात भटजीचं कुणी ऐकत नाही, तिथं समाधानचं कोण ऐकणार.

तरी तो सांगायचा. येणारा माणूस कॉलेजातला पोरगा असो की कापडाचा व्यापारी, समाधान त्याला वाळूवर उभा करायचा आणि सुरू व्हायचा. "आधी जाकीट. बकलं तीन आहेत, तिन्ही लावायची, पोट आवळलं तर आवळू द्या. ही लाल दोरी मनगटाला. तुम्ही पडले की दोरी निसटते आणि मशीन जागेवर बंद पडते, नाहीतर ती तुम्हाला सोडून गावभर फिरत राहील. आणि एक ध्यानात ठेवा, रेस सोडली की हँडल मेलं. घाबरून रेस सोडाल आणि हँडल फिरवत बसाल, तर मशीन वळत नाही, सरळ जाऊन धडकते. घाटापाशी, पोहणाऱ्यापाशी, नावेपाशी हळू. बाईमाणसानं ओढणी आत खोचायची, केस बांधायचे. ही मशीन खालून पाणी पिते आणि मागून फेकते. पाण्यासंगं जे येईल ते पिते, तिला कापड कळत नाही न् केस कळत नाही."

"भैया, एक्झाम भी होगी क्या?" असं कुणीतरी विचारायचंच. मागचे हसायचे. समाधान हसत नसे. जाकीट नको म्हणणाऱ्या एका साहेबाच्या जावयाला त्यानं भर रविवारी परत पाठवलं होतं, तेव्हा नीलेशसेठ दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. पण चार वर्षांत त्या पाण्यावर कुणाला साधा ओरखडा आला नाही, हेही खरं होतं. याचं कौतुक कुणी केलं नाही. जे घडलंच नाही त्याचं कौतुक कोण करतो?

त्याला हे वेड लागलं गोव्यात. तिथं दुसऱ्या हंगामात त्याच्या जोडीदारानं मशीनच्या पोटात अडकलेला दोर, इंजिन चालू असताना, हात घालून काढायचा प्रयत्न केला होता. दोर निघाला नाही, त्याची दोन बोटं तेवढी निघाली. त्यानंतर समाधाननं पंधरा दिवसांचा सरकारी कोर्स केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळवलं आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलं. त्याच्या आधी तो सहा वर्षं पॉवरलूमवर होता. खटक्यांच्या आवाजात राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय लागली होती, ती पाण्यावर कामी आली.

पण पाणी त्याला गोव्यानं शिकवलं नव्हतं. पाणी शिकवलं देवराममामानं.

समाधान जसोंडीचा. बाप केळीच्या बागांत राबणारा, गावातली शाळा आठवीपुरती. पुढच्या शिक्षणाला आईनं त्याला बऱ्हाणपुरातल्या बुधवाऱ्यात आपल्या भावाकडं ठेवलं. भोयाचं घर, पाण्याशी पिढ्यांची सोयरीक. देवराम राजघाटावर नाव चालवायचा, उन्हाळ्यात वाळूत डांगराची वाडी लावायचा, आणि त्याची बायको रंभाबाई शिंगाडे उकडून विकायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. पोरगा घरात आला तेव्हा रंभाबाईनं त्याला दोन्ही वेळा पोटभर खाऊ घातलं, आणि देवरामनं तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा बांधून नदीत ढकलला.

देवरामला बोलायचा कंटाळा. तो चार शब्द बोलला की दिवस भरला. पण जे बोलायचा ते आयुष्यभर पुरायचं. एकदा समाधाननं घाटाच्या वरच्या पायरीवरून सूर मारला आणि खाली अंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्याच्या खांद्याजवळून तो पाण्यात गेला. वर आल्यावर मामानं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की नदी गरगर फिरली. "उडी मारायच्या आंधी खाली पाहाव," एवढंच म्हणाला. त्या एका वाक्याचा विस्तार म्हणजे समाधानचं दहा मिनिटांचं भाषण. हे जावयांना आणि व्यापाऱ्यांना काय माहीत.

आणि हाच भाचा बुलेट घेऊन मामाच्या नदीवर आला.

बाप खाटेला लागला म्हणून समाधान गोवा सोडून आला होता. नीलेशसेठनं काम देऊ केलं, त्यानं घेतलं. पहिल्या हिवाळ्यातच राजघाटाच्या नावा ओस पडल्या. पूर्वी रविवारी बायकापोरांना घेऊन लोक नावेत बसायचे, पलीकडं जाऊन यायचे. आता सगळी वर्दळ बंधाऱ्याकडं. वल्ह्याच्या नावेत बसून कोण रील काढणार? एकेक नाव उलटी होऊन वाळूत पडली. देवरामनं आपली नाव पाण्यातच ठेवली, पण तीत बसायला कुणी येईना. तो भाच्याला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. समाधान दर आठवड्याला जसोंडीची केळी घेऊन बुधवाऱ्यात जायचा, मामी भाकरी वाढायची, आणि मामा जेवताना एखाद्या वेळी म्हणायचा, "तुही मशीन आवाज लय करते." समाधान मान खाली घालून जेवायचा.

मामाचं एकच काम शिल्लक राहिलं होतं, आणि ते मात्र कुणी हिसकावून घेऊ शकेल असं वाटत नव्हतं. ते म्हणजे ताप्तीमाईची चुनरी.

आषाढ शुद्ध सप्तमीला ताप्तीची जयंती. त्या दिवशी नदीला या काठापासून त्या काठापर्यंत साडी नेसवतात. महिनाभर आधीपासून गल्लीगल्लीतल्या बायका साडीला साडी जोडून शिवत बसतात. कुणाची नवसाची, कुणाची लग्नातली, कुणाच्या मेलेल्या सासूची. त्या लांबलचक चुनरीचं एक टोक राजघाटावर खांबाला बांधायचं, बाकीची घडी नावेत ठेवायची आणि नाव पलीकडं न्यायची. नाव चालेल तशी चुनरी पाण्यावर उलगडत जाते. शेवटचा पदर नावाड्याच्या हातात असतो. तो पदर पलीकडच्या झाडाला बांधेपर्यंत हातातून सुटता कामा नये. सुटला तर वर्ष वाईट जातं, असा समज. म्हणून नावाडी तो मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळून घेतो. एकतीस वर्षं हा पदर देवरामच्या मनगटाला होता. त्याच्या आधी त्याच्या बापाच्या.

यंदा उत्सव समितीच्या डोक्यात ड्रोन शिरला. समितीचे अध्यक्ष प्रकाशजी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून देवाधर्माच्या मागं हात धुऊन लागलेले. त्यांचा पुतण्या गौरव व्हिडिओ काढायचा. त्यानं काकांना सांगितलं की नाव फार हळू चालते, वरून बघितलं तर मुंगीसारखी दिसते. चुनरी बुलेटवरून गेली पाहिजे. पांढरा फेस, मागं लाल-पिवळी चुनरी, वरून ड्रोन. "काकाजी, वायरल हो जाएगा." नीलेशसेठ तिथंच बसला होता. त्यानं लगेच मशीन आणि ती चालवायला समाधान देऊ केला. आयजीच्या जीवावर बायजी उदार.

समाधानला बोलावलं, तेव्हा त्यानं उभ्या उभ्या नाही म्हणून सांगितलं. "सेठ, जून ते सप्टेंबर मशीन पाण्यात घालायची नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. नदी भरलेली, पाणी गढूळ, खालून ओंडके येतात. आणि मशीनमागं कापड? मी रोज काय सांगतो लोकांना?"

"अरे, धर्माचं काम आहे. पाच मिनिटांचं," नीलेशसेठ म्हणाला. "माई काय आपल्याच लेकरांना बुडवणार का?"

"मी नाही चालवणार."

"ठीक आहे. गोटू चालवेल."

गोटू म्हणजे सेठचा मेहुणा. त्याला ट्रॅक्टर येत होता, म्हणून आपल्याला सगळंच येतं असं त्याला वाटायचं. मागच्या उन्हाळ्यात त्यानं मशीन वाळूत चढवून पोटात खडे भरले होते. समाधान घरी गेला, रात्रभर तळमळला आणि सकाळी हो म्हणून आला. गोटूपेक्षा मी बरा, असं त्यानं स्वतःला समजावलं. ज्याला चूक करायची नसते तो माणूस अशीच समजूत काढतो आणि चुकीच्या कामात आपल्या पायांनी चालत जातो.

मग तो बुधवाऱ्यात गेला. मामाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये एवढी लाज त्याला होती. देवराम ओट्यावर दोर वळत बसला होता. समाधाननं सगळं सांगितलं. पहिलं टोक मशीनला बांधून पलीकडं नेणार. घडी मामाच्या नावेत, आणि नाव घाटाजवळ बांधून ठेवणार. मामानं चुनरी सोडत जायची. शेवटचा पदर मामाच्याच हातात.

देवरामनं दोराचा पीळ पक्का केला. "तू चालवतो ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग झालं."

मामी आतून चहा घेऊन आली. तिनं समाधानला एवढंच सांगितलं, "यंदा पाणी लय हाय रे. त्यांच्याकडं ध्यान दे. आता त्यांच्या हातात पैलेसारखा जोर नाही ऱ्हायला." समाधान म्हणाला, "मामी, मी आहे ना." हे शब्द त्यानं दिले, आणि ते त्याच्या गळ्यात कायमचे पडले.

सप्तमीच्या सकाळी राजघाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या चार पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या, पाणी चहासारखं. समाधाननं सगळ्यांना गोळा करून आपलं भाषण सुरू केलं आणि त्या दिवशी ते दहाऐवजी वीस मिनिटं चाललं. गौरवला त्यानं आपल्यामागं उलट्या तोंडानं बसवायचं ठरवलं, कारण मशीनमागं काही ओढायचं तर एकानं मागंच बघत बसावं लागतं. "तुझं काम चुनरीवर नजर ठेवायची. गडबड दिसली की हात वर कर. मी थांबतो. उगाच हात वर करायचा नाही." बायकांच्या पुढं असलेल्या शारदाबाईंना सांगितलं की कुणीही पाण्यात उतरून चुनरीला हात लावायचा नाही. प्रकाशजींना सांगितलं की मध्ये वळायचं नाही, थांबायचं नाही, फोटोसाठी फेरी मारायची नाही. नावेत मामाच्या जोडीला सुकलाल म्हणून एक नावाडी होता, त्याला जाकीट घालायला लावलं. एक जाकीट मामाकडं दिलं. देवरामनं ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि फळीवर ठेवून त्यावर बसला. काठावरचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "माशाला पोहायला शिकवतो काय, मास्तर?"

समाधानही थोडा हसला.

मग आरती झाली. नारळ फुटले. समाधान मशीनवर बसला, दोरी मनगटाला अडकवली, चुनरीचं टोक मागच्या कडीला बांधलं आणि निघण्याआधी एकदा वळून नावेकडं बघितलं. देवराम उभा होता. घडीच्या तळाशी हात घालून त्यानं शेवटचा पदर बाहेर काढला, कपाळाला लावला आणि उजव्या मनगटाला एक वेढा दिला. मग दुसरा. टोक अंगठ्याखाली दाबून धरलं, एकतीस वर्षं धरत आला तसं.

त्या क्षणी समाधानला जे समजलं ते त्या घाटावर दुसऱ्या कुणालाही समजणं शक्य नव्हतं. दरवर्षी नाव पदराबरोबर चालायची. आज नाव बांधलेली होती आणि पदर चालणार होता. मामा, हाताला गुंडाळू नका, नुसता धरा. एवढंच सांगायचं होतं. अंतर फार तर पंधरा-वीस हात. त्याचा आवाज तर पॉवरलूमवर कमावलेला.

त्यानं तोंड उघडलंही होतं. पण घाटावर हजार माणसं होती. ज्या माणसाची नाव आपण रिकामी केली, ज्याच्या हातचं शेवटचं काम आज आपल्या मशीननं घेतलं, त्याला सगळ्या गावासमोर ओरडून सांगायचं, की तुम्हाला चुनरी धरता येत नाही? गुरूची विद्या गुरूलाच? एकदा जाकिटावरून लोक हसले होते. दुसऱ्यांदा ते मामाला हसले असते. साहेबाच्या जावयाला परत पाठवताना ज्याची जीभ अडखळली नाही, त्याची जीभ मामापुढं टाळ्याला चिकटली. आपल्याकडं मोठ्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांना काही सांगायचं नाही, असं आपण पोरांच्या मनावर बिंबवतो. समाधानच्या मनावर ते चांगलंच बिंबलं होतं.

आणि गुंडाळलं तरी काय होतं, आपण नीट चालवू, असं म्हणून त्यानं रेस दिली.

निम्म्या नदीपर्यंत सगळं छान झालं. मशीन हळू, नाकासमोर. मागं चुनरी उलगडत होती. काठावरून जयजयकार येत होता. मध्यावर ड्रोन खाली उतरला. मागं बसलेला गौरव चुनरी सोडून वर बघायला लागला आणि त्यानं ड्रोनला हात केला.

समाधानला आरशात वर झालेला हात दिसला. ठरल्याप्रमाणं त्यानं रेस सोडली.

हँडल मेलं. भरल्या नदीच्या ओढीनं मशीन आडवी फिरली आणि मागं ढिल्या पडलेल्या चुनरीवर येऊन बसली. अशा वेळी मनगटाची दोरी ओढून इंजिन बंद करायचं असतं, हे जगात कुणाला माहीत असेल तर समाधानला. पण समोरून एक ओंडका येत होता. त्याला चुकवायला त्याच्या बोटानं त्याला न विचारता रेस दाबली. मशीननं खालून पाणी प्यायलं, पाण्यासंगं साडी प्यायली, दुसरी साडी प्यायली, आणि गुरगुरून बंद पडली.

पुढचं सगळं फार सावकाश झालं, असं समाधानला वाटतं. बाकीचे म्हणतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. बंद पडलेली मशीन, दोन माणसं आणि भिजलेल्या साड्यांचा तो सगळा भार नदीनं खाली ओढायला सुरुवात केली. नावेतली उरलेली घडी सरसर पाण्यात गेली. मग चुनरी ताणली गेली. देवरामचा हात समोर लांब झाला. सुकलालनं नंतर सांगितलं, की मामा डाव्या हातानं वेढा काढायला बघत होता, पण ओल्या कापडाचा वेढा ताणला की गाठीपेक्षा वाईट. सुकलालनं त्याचं धोतर धरलं. धोतर हातात राहिलं.

समाधाननं सीटखालचा चाकू काढून मशीनच्या पोटापाशी चुनरी कापली आणि पाण्यात उडी घेतली. पण नुसती चुनरीच एवढी जड झाली होती, की तिला मशीनची गरज उरली नव्हती. तो कापडाला धरून हातावर हात टाकत ओढत राहिला. हाताला साड्या लागत होत्या. काठाची, जरीची, नायलॉनची, गाठी, शिवण, पुन्हा साडी. मामा लागत नव्हता. अर्ध्या तासानं पुलाच्या खांबापाशी लोकांना देवराम सापडला. मनगटावरचे वेढे तसेच होते. पदर त्यानं सोडला नव्हता. तो कात्रीनं कापून काढावा लागला.

रंभाबाईला सांगायला समाधान गेला नाही. त्याच्यानं जाववलं नाही. शारदाबाई गेल्या.

आता पुढचं ऐकून कुणाला वाटेल की गावानं समाधानला उभा जाळला असेल. तसं काही झालं नाही. तसं झालं असतं तर त्याला थोडं बरं वाटलं असतं. प्रकाशजींनी शोकसभेत सांगितलं, की जयंतीच्या दिवशी, हातात चुनरी, माईच्या कुशीत, असं मरण देवांना मिळत नाही. लोकांनी माना हलवल्या. भाग्यवान माणूस, म्हणाले. नीलेशसेठनं नव्या फ्लेक्सवर देवरामचा फोटो लावला, हात जोडलेला. गौरवनं व्हिडिओ टाकला, तो मशीन मध्यावर पोहोचते तिथं कापलेला, मागं भजन. तो खरंच वायरल झाला. गौरवनं वर हात केला होता हे गौरव आणि समाधान सोडून कुणाला कळलं नाही, आणि गौरव चार महिन्यांसाठी इंदूरला निघून गेला.

चौकशी झाली. समाधान पोलीस ठाण्यात साहेबांसमोर बसला आणि सरळ म्हणाला, "साहेब, मशीन मी चालवली, बंदीच्या दिवसांत. रेस मी दाबली. आणि मामानं हाताला गुंडाळलेलं मी बघितलं होतं. मी सांगितलं नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते. "ऐसा बयान मत दो, भाई," ते म्हणाले. "घर का मामला है. मामीला कळलं तर काय वाटेल? उत्सव समिती पण अडकेल. नदी का बहाव अचानक बढ़ गया, यही हुआ ना?" त्यांनी तेच लिहिलं. समाधाननं दोनदा सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा त्यांनी त्याला पाणी प्यायला दिलं आणि घरी जायला सांगितलं. खरं बोलायला निघालेल्या माणसाला इतक्या प्रेमानं कुणी बाहेर काढलं नसेल.

कार्तिकात मशीन पुन्हा पाण्यात उतरल्या. आता समाधानचं भाषण लोक ऐकतात. कुजबुजत एकमेकांना सांगतात, यांचेच मामा. जाकिटाची तिन्ही बकलं न सांगता लावतात. जलसुरक्षेचा एक कार्यक्रम झाला, त्यात त्याला बोलायला बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं. सगळं सांगून झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "घरातलं मोठं माणूस असलं तरी सांगा." लोकांना ते फार आवडलं, टाळ्या पडल्या. त्यानं शाल घरी नेली आणि तृप्तीला, आपल्या बायकोला, सांगितलं की ही कुणाला तरी देऊन टाक.

तेराव्यानंतर तो मामीकडं फिरकला नव्हता. केळी गावातल्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा. शेवटी मामीनंच निरोप धाडला, की येऊन जा.

तो गेला तेव्हा रंभाबाई ओट्यावर गहू पाखडत बसली होती. वाळून अर्धी झालेली. तिनं त्याला बसायला सांगितलं, बापाची तब्येत विचारली, पोरांचं विचारलं. सूप थांबलं नाही. मग तशीच खाली बघत म्हणाली, "शेजारची पूजा हाय ना, तिनं मोबाइलमध्ये दाखवलं मले. ते मशीनचं. म्या आजवर पाह्यलं नव्हतं."

समाधाननं पायाशी सांडलेले गहू वेचून सुपात टाकले.

"सुरवातीले ते दिसतात नावेत. हाताले पदर गुंडाळताना. साफ दिसतं." सूप थांबलं. "तुही मशीन तिथंच उभी होती. तू पाह्यलं होतं का रे तवा?"

साहेबांसमोर जे त्यानं दोनदा सांगितलं होतं, ते सगळं जसंच्या तसं त्याच्या ओठावर होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. मामी त्याच्याकडं बघत होती. ज्या हातानं त्याला दोन्ही वेळा वाढलं होतं, तो हात सुपावर होता.

"नाही, मामी," तो म्हणाला. "माझं ध्यान पुढं होतं."

रंभाबाईनं मान हलवली, आपल्याला हेच ठाऊक होतं अशी. "म्या पूजाले तेच म्हटलं. ती म्हने, त्यानं पाह्यलं असंल. म्या म्हटलं, नाही वो. साऱ्या दुनियेले सांगत फिरतो तो. पाह्यलं असतं अन् आपल्या मामालेच सांगितलं नसतं का?"

समाधाननं मान डोलावली. मामीनं सूप पुन्हा हातात घेतलं आणि जेवून जा म्हणाली.